शेजारी आधी ओरडतो, त्याचं काय करायचं?

वाचकांचे प्रश्न : फुटबॉल, टीव्ही आणि ॲप

गेल्या अंकात लिहिता लिहिता मी एक वाक्य टाकून दिलं होतं: नॉकआउटचा, म्हणजे हरला तो बाहेर असा, सामना असेल तर ॲप बंद करा आणि टीव्ही लावा. त्यावर बरीच पत्रं आली. काहींनी मला जुनाट म्हटलं, काहींनी पाठ थोपटली, बाकीच्यांनी सरळ प्रश्न विचारले. आज प्रश्नवाल्यांची पाळी. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगते, म्हणजे नंतर तक्रार नको. नोकरीची बहुतेक वर्षं मी स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीत, रिप्लेच्या मशीनवर काढली. गोल झाला की काही सेकंदांत तो वेगवेगळ्या कॅमेऱ्यांतून तुमच्यासमोर आणायचा, हे माझं काम. त्यामुळे सेकंदांच्या बाबतीत मी जरा चिकट आहे.

ताई, आम्ही सामने ॲपवर बघतो. समोरच्या घरात टीव्ही आहे. आमचा स्ट्रायकर अजून मधल्या रेषेपाशीच असतो आणि तिकडे ‘गोऽऽल’ म्हणून आरडाओरडा सुरू होतो. आमचं इंटरनेट त्यांच्यापेक्षा महाग आणि वेगवान आहे. मग आम्ही मागे का?

तुमच्या इंटरनेटची यात फारशी चूक नाही. वेग दुप्पट केलात तरी शेजारी आधीच ओरडणार.

व्हॅनमधून निघालेलं चित्र चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये जातं, तिथून उपग्रहावर आणि मग तुमच्या शेजाऱ्याच्या डिशवर. उशिराचं खापर लोक उपग्रहावर फोडतात, कारण तो लांब आहे. आहेच लांब, साधारण ३५,७८६ किलोमीटर वर. पण तिथे जाऊन परत यायला सिग्नलला जेमतेम पाव सेकंद लागतो. खरा वेळ जातो तो चित्र दाबून लहान करण्यात आणि घरच्या सेट-टॉप बॉक्सने ते पुन्हा उलगडण्यात. तरीही सगळं मिळून शेजारी मैदानापेक्षा काही सेकंदच मागे असतो.

ॲपचं गणित वेगळं. तेच चित्र घेऊन त्याच्या चार-पाच दर्जांच्या प्रती बनवतात, प्रत्येक प्रतीचे काही-काही सेकंदांचे तुकडे करतात, ते जगभरच्या सर्व्हरवर ठेवतात आणि तुमचा फोन एकेक तुकडा मागून घेतो. ॲपलने २००९ मध्ये एचएलएस नावाची पद्धत आणली तेव्हा एक तुकडा १० सेकंदांचा ठेवा असा सल्ला होता, पुढे तो ६ वर आला. शिवाय मध्येच चित्र अडकू नये म्हणून प्लेअर साधारण तीन तुकडे हाताशी ठेवूनच खेळ सुरू करतो. सहा त्रिक अठरा सेकंद तिथेच गेले, बाकीची प्रक्रिया वेगळी. म्हणून अर्ध्या मिनिटाचा उशीर ही ॲपवर अगदी रोजची गोष्ट आहे.

२०२२ च्या वर्ल्डकप फायनलमध्ये फ्रान्सच्या एम्बापेने ९७ सेकंदांत दोन गोल केले. अर्धा मिनिट मागे असलेल्या माणसाने पहिला गोल पाहिला, उडी मारली, आणि मिनिटभरात दुसऱ्या गोलाची आरोळी त्याला समोरच्या खिडकीतून ऐकू आली असणार. असा सामना आयुष्यात किती वेळा येतो?

तुकडे आणखी बारीक करून उशीर काही सेकंदांवर आणायच्या पद्धतीही आहेत. ॲपलने स्वतःच्या पद्धतीची तशी आवृत्ती २०१९ मध्ये जाहीर केली. पण हाताशी साठा कमी ठेवला की जराशा अडथळ्यानेही चित्र थांबतं. उशीर हवा की अडकणं हवं, हे शेवटी ॲप चालवणारी कंपनी ठरवते. तुम्हाला कोणी विचारत नाही.

तुमच्या हातात थोडंच आहे. मध्ये एकदा जरी चित्र अडकलं तरी बरीच ॲप्स तिथूनच पुढे चालू लागतात आणि तेवढी मागेच राहतात. तेव्हा ‘लाइव्ह’चं बटण अधूनमधून दाबत जा. एकाच घरात एकाच ॲपवरचे दोन फोन पाच-सात सेकंदांनी पुढे-मागे दिसतात, तेही याच कारणाने. आणि स्कोअर सांगणाऱ्या ॲपच्या सूचना बंद करा. गोलाची बातमी म्हणजे दोन-चार अक्षरं, ती चित्राच्या कितीतरी आधी पोहोचते. शेजाऱ्याचा आवाज मात्र बंद करता येत नाही. हेडफोन लावा, नाहीतर सरळ त्यांच्याकडे जाऊन बसा.

टीव्हीवाल्यांनीही फार ऐटीत राहू नये. जुना ॲनलॉग टीव्ही जवळजवळ त्याच क्षणी दाखवायचा, हे सेकंद डिजिटल झाल्यावर आले. ३० एप्रिल १९३८ ला बीबीसीने एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेची फायनल पूर्ण दाखवली. जादा वेळ संपत आला तरी गोल नाही. समालोचक थॉमस वुडरूफ म्हणून बसले की आता गोल झाला तर आपण टोपी खाऊ, आणि लगेच प्रेस्टन या संघाला पेनल्टी मिळाली. जॉर्ज मचने ती मारली, प्रेस्टन जिंकलं. ज्या थोड्या घरांत तेव्हा टीव्ही होता, तिथे वुडरूफ यांची फजिती अगदी ताजी ताजी पोहोचली.

ताई, मी हॉस्टेलवर राहतो. स्पीड टेस्ट केली की आकडा झकास येतो, पण पेनल्टी आली की चित्र अडकतं आणि मध्ये ती चकती फिरत बसते. नेमकं तेव्हाच का? मित्र म्हणतात तुझा भास आहे.

भास नाही रे. मित्रांना हे उत्तर वाचून दाखव.

टीव्हीचा सिग्नल म्हणजे लाउडस्पीकर. एकदा बोललं की शंभर जणांनी ऐकलं काय किंवा लाखाने, बोलणाऱ्याला फरक पडत नाही. स्ट्रीमिंग म्हणजे त्याच लाख जणांना एकेक फोन करून तेच सांगणं. प्रत्येक नवा प्रेक्षक हा कंपनीच्या यंत्रणेवर नवा भार असतो. आता सामना कधी रंगतो? पेनल्टी, जादा वेळ, मोठा संघ मागे पडणं. तशी बातमी पसरली की सकाळपासून सामन्याकडे ढुंकूनही न पाहिलेले लोक धडाधड ॲप उघडतात. म्हणजे जितका सामना रंगतदार तितकी गर्दी, आणि ती गर्दी तुझ्या पेनल्टीच्या वेळीच दारात उभी असते. तुझी स्पीड टेस्ट जवळच्या एका सर्व्हरपर्यंतचा रस्ता मोजते. ॲपच्या दारातली गर्दी तिला दिसत नाही.

कंपनी मोठी असली म्हणजे सगळं सुरळीत चालेल असंही नाही. २०१८ च्या वर्ल्डकपचे बरेच सामने ऑस्ट्रेलियात फक्त ऑप्टस स्पोर्ट या स्ट्रीमिंग सेवेवर होते. पहिल्याच काही दिवसांत स्ट्रीम कोलमडली, प्रकरण थेट पंतप्रधानांपर्यंत गेलं आणि शेवटी सामने एसबीएस या सार्वजनिक वाहिनीवर दाखवावे लागले. म्हणजे लाउडस्पीकरच कामाला आला.

तू एवढं कर. किक-ऑफच्या वीस मिनिटं आधी ॲप उघडून लॉगिन करून ठेव. बऱ्याचदा चित्राच्या आधी लॉगिनची यंत्रणाच दमते, आणि एकदा आत गेलेल्याला सहसा बाहेर काढत नाहीत. चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता स्वतः ७२० वर (७२० ओळींचं, मधल्या दर्जाचं चित्र) बांध. हॉस्टेलचं वाय-फाय सगळ्यांचं मिळून असतं, त्यापेक्षा स्वतःचा मोबाइल डेटा कधी कधी बरा चालतो. फक्त हिशेब ठेव: सेकंदाला ५ मेगाबिटचं चित्र तासाला सव्वादोन जीबी खातं, म्हणजे दोन तासांच्या सामन्याला साडेचार. जादा वेळ आणि पेनल्ट्या झाल्या तर त्याहून जास्त. आणि कॉमन रूममध्ये टीव्ही असेल तर फायनलच्या दिवशी तिथली खुर्ची आधीच धरून ठेव.

घरातल्या सगळ्यांचं मत पडलं की डिश काढून टाकावी, सगळं ॲपवर मिळतंच. आजोबा एकटेच विरोधात आहेत. त्यांना रात्री एकट्याने सामने बघायची सवय आहे. त्यांची समजूत कशी घालावी?

समजूत तुमची घालायला हवी.

आजोबा काय करतात ते एकदा शेजारी बसून बघा. रिमोट उचलतात, तीन आकडे दाबतात, सामना दिसतो. ॲपवर आधी टीव्ही इंटरनेटला जोडलेला आहे का ते बघायचं, मग ॲप शोधायचं, मग ‘कोण बघतंय’ हे त्यालाच सांगायचं, मग जाहिरातींच्या चौकोनांतून सामना हुडकायचा. मध्येच ॲप म्हणतं नवीन आवृत्ती घ्या, किंवा कुणीतरी पासवर्ड बदललेला असतो. रात्री एक वाजता आजोबा कुणाला उठवणार? ते कुणालाच उठवत नाहीत. टीव्ही बंद करून झोपतात. सकाळी विचारलं तर म्हणतात, ‘काही खास नव्हतं.’ मी हे एका घरात पाहिलंय, म्हणून सांगते.

डिश राहू द्या. काढायचीच असेल तर आधी एक पूर्ण महिना आजोबांना एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय, ॲपवर सामने बघू द्या. मग मत घ्या, आणि त्यांचं मत दोनदा मोजा.

दोन्हीचे पैसे भरणं जड जातं. एकच ठेवायचं तर काय ठेवू?

तुमचा संघ कोणत्या स्पर्धेत खेळतो आणि त्या स्पर्धेचे हक्क तुमच्या देशात कुणाकडे आहेत, हे आधी बघा. हक्क देशागणिक विकले जातात आणि काही वर्षांनी हात बदलतात, त्यामुळे मित्राचा परदेशातला अनुभव तुमच्या कामाचा नाही. काही स्पर्धा आता टीव्हीवर नीट सापडतही नाहीत. अमेरिकेची मेजर लीग सॉकर २०२३ पासून मुख्यतः ॲपलकडे गेली, जपानची जे-लीग २०१७ पासून डॅझन या स्ट्रीमिंग सेवेकडे. अशा लीगचे तुम्ही चाहते असाल तर माझं टीव्हीप्रेम तुमच्या काय कामाचं?

हे नसेल, आणि तुम्ही मुख्यतः मोठे सामने चार माणसांबरोबर बघत असाल, तर टीव्ही ठेवा. आठवड्याला पाच-सहा सामने, तेही प्रवासात किंवा जेवणाच्या सुट्टीत बघत असाल तर ॲप. सीझन संपला की ॲपचं सबस्क्रिप्शन बंद करायला विसरू नका, कंपन्या त्या विसरण्यावरच जगतात. आणि डिशवाल्यांनी आकाशाकडे लक्ष ठेवावं. घरगुती डिशचा सिग्नल बहुतेकदा केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यात असतो आणि मुसळधार पावसात तो पडतोच. डिजिटल चित्राला मधली अवस्था फारशी नसते. आधी चौकोन चौकोन दिसतात आणि मग काळा पडदा. त्या रात्री ॲपवाला शेजारी हसतो, त्याला हसू द्या.

ग्रुपच्या शेवटच्या दिवशी दोन सामने एकाच वेळी का ठेवतात? एक टीव्हीवर, एक फोनवर असं बघितलं तर चालतं का?

याचं कारण १९८२ मध्ये आहे. स्पेनमधल्या वर्ल्डकपला अल्जीरिया, पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया एकाच ग्रुपमध्ये होते, आणि अल्जीरियाने आपला शेवटचा सामना आदल्या दिवशीच संपवला होता. दुसऱ्या दिवशी हिहोन शहरात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया उतरले तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं की जर्मनी एक-दोन गोलांनी जिंकली तर दोघंही पुढे जातात. दहाव्या मिनिटाला जर्मनीचा गोल झाला आणि मग दोन्ही संघ उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरवत बसले. अल्जीरिया बाहेर. १९८६ पासून वर्ल्डकपमध्ये ग्रुपचे शेवटचे सामने एकाच वेळी होतात.

त्यामुळे प्रेक्षकाची चंगळ झाली आणि पंचाईतही. १ डिसेंबर २०२२ ची रात्र आठवा. एकीकडे जपान स्पेनविरुद्ध २-१ ने पुढे, दुसरीकडे कोस्टारिकाने जर्मनीवर २-१ अशी आघाडी घेतली. तीनेक मिनिटं अशी होती की स्पेन आणि जर्मनी दोघंही स्पर्धेबाहेर होते! मग जर्मनीच्या हावर्ट्झने बरोबरी केली आणि स्पेन वाचला. एकच सामना बघणाऱ्याला यातलं निम्मं नाटक कळलंच नाही.

इथे मी ॲपला मोकळेपणाने मान देते. चॅनेलकडे वेळ मोजका, ॲपवर दोन्ही सामने उघडता येतात, काही ठिकाणी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी. पण एक टीव्हीवर आणि एक फोनवर लावलात, तर फोनवरचा सामना अर्धा मिनिट जुना आहे हे डोक्यात ठेवा. टीव्हीवरचा समालोचक दुसरीकडचा गोल सांगून टाकतो आणि तुमच्या फोनवर अजून थ्रो-इन चाललेला असतो. दोन्ही ॲपवरच लावा. दोन्ही जवळपास सारखेच उशिरा येतील, निदान एकमेकांचं गुपित फोडणार नाहीत.

माझी स्वतःची आवड विचाराल तर जर्मन टीव्हीवर कॉन्फरेन्झ म्हणून प्रकार असतो: एकाच कार्यक्रमात सगळ्या सामन्यांत उड्या मारत फिरायचं, जिथे धोका तिथे चित्र. कुणीतरी माणूस कंट्रोल रूममध्ये बसून ठरवतो की आता तिकडे कॉर्नर आहे, चला. व्हॅनमध्ये आयुष्य गेल्यामुळे असेल, पण मला पडद्यामागचा तो माणूस लागतो.

नवा मोठा टीव्ही घेतला, त्यावर ॲपने सामना लावला तर गवत पुसट दिसतं आणि लांब पासमध्ये चेंडूला शेपूट फुटतं. सिनेमा मात्र सुरेख दिसतो. टीव्ही परत करू का?

नको. आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र गुळगुळीत करणारी ‘मोशन’ची सोय शोधा आणि बंद करा. ती दोन फ्रेममधल्या जागेत स्वतःच्या मनाने फ्रेम घुसडते, आणि वेगाने जाणाऱ्या चेंडूपाशी तिचा अंदाज चुकतो. शेपूट बरेचदा तिथूनच येतं.

उरलेला दोष फुटबॉलचा. चित्र लहान करणारी यंत्रणा मागच्या फ्रेममधलं जे जसंच्या तसं आहे ते पुन्हा पाठवत नाही. दोन माणसं सोफ्यावर बसून बोलतायत, तर मागची भिंत एकदाच पाठवली की झालं. फुटबॉलमध्ये कॅमेरा सतत सरकतो, म्हणजे गवताचं पातं न् पातं दर फ्रेमला जागा बदलतं. शिवाय मागे हजारो हलणारी माणसं. पाठवायचं खूप आणि जागा तेवढीच, मग यंत्रणा गवताचा बळी देते. उपग्रहावरच्या ज्या चॅनेलला जागा कमी दिलेली असते तिथेही हेच होतं, तेव्हा टीव्ही म्हणजे आपोआप स्वच्छ चित्र असं समजू नका.

ॲपमध्ये निवडायला मिळालं तर सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम देणारं ७२० चं चित्र, २५ फ्रेमच्या १०८० पेक्षा सामन्याला चांगलं. खेळात तपशिलापेक्षा हालचाल महत्त्वाची. आणि टीव्हीला वाय-फायऐवजी राउटरपासून वायर ओढा. दिसायला वाईट दिसते, पण चालते उत्तम.

फुकट लिंकवर बघितलं तर काय बिघडतं?

चोरीचं असतं हे तुम्हालाही माहीत आहे. वर कुणाच्या तरी स्ट्रीमची ती नक्कल, म्हणजे तुम्ही ॲपवाल्यांच्याही मागे. प्रत्येक बटणाखाली एक जाहिरात आणि जाहिरातीखाली आणखी काय दडलंय देव जाणे. पुढचा प्रश्न.

मी नर्स आहे, रात्रपाळी असते. सामना सकाळी घरी जाऊन बघते, पण निकाल कुठून तरी कळतोच. टीव्हीच्या बॉक्सवर रेकॉर्ड करू की ॲपवर पूर्ण सामना बघू?

तुमच्यासाठी ॲप, पण थोडी काळजी घेऊन. बॉक्स वेळापत्रकावर चालतो. कार्यक्रम अमुक वाजता संपणार असं लिहिलं असेल तर तो तेव्हा थांबतो, मैदानावर काहीही चालू असो. २०२२ च्या वर्ल्डकपला इंग्लंड-इराण सामन्यात नुसत्या पहिल्या हाफला १४ मिनिटं वाढवून दिली होती. जादा वेळ आणि पेनल्ट्यांची तर गोष्टच सोडा. रेकॉर्डिंग लावायचंच असेल तर त्याच चॅनेलवरचा पुढचा कार्यक्रमही लावून ठेवा.

ॲपवर पूर्ण सामना मिळतो, पण ॲपचं पहिलं पानच घात करतं. हसणाऱ्या खेळाडूंचा फोटो, ‘शेवटच्या क्षणी बाजी’ असला मथळा. शक्य असेल तर ड्यूटीवर जाण्याआधीच सामन्याचं पान उघडून ठेवा, किंवा घरातल्या कुणाला तरी सामना लावून सुरुवातीला थांबवून ठेवायला सांगा. काही ॲप्समध्ये स्कोअर लपवायची सोय सेटिंगमध्ये असते, तीही शोधा.

आणखी एक शत्रू आहे, त्याच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: चित्राच्या तळाशी असणारी वेळेची पट्टी. नॉकआउटचा सामना लावला आणि पट्टीवर एकूण वेळ तीन तासांच्या घरात दिसली, की जादा वेळ झाला हे कळलंच. नव्वद मिनिटांत बरोबरी होणार हे ठाऊक असताना ८५व्या मिनिटाच्या हल्ल्याला काय धार राहणार? मी टॅबलेटच्या खालच्या कडेवर कागदाची एक पट्टी चिकटपट्टीने लावते. घरातले हसतात. पण मला शेवटच्या मिनिटापर्यंत काही कळत नाही, आणि मला तेच हवं असतं.